फॉरमॅट मारण्यापूर्वीचे तत्त्वचिंतन

जे कुटुंब २००३ सालचे विजेचे बिल ‘कधी लागेल सांगता येत नाही’ या एकाच तत्त्वावर प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबरबँड लावून आजही जपते, त्याच कुटुंबाच्या संगणकावरील पंधरा-वीस वर्षांचा ईमेल-व्यवहार सर्वस्वी परमेश्वराच्या हवाली असतो, या विसंगतीकडे समाजशास्त्राने अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. मूळ माहिती नष्ट झाली असता तिच्या जागी वापरता येईल अशी, मुळापासून वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप. व्याख्या सोपी आहे, परंतु तिचे आचरण दुर्मीळ आहे, कारण या विषयाचा विचार सामान्य मनुष्याच्या मनात एकाच प्रसंगी उद्भवतो : संगणक दुरुस्त करणारा तरुण पडद्यावरची नजर न काढता ‘काका, फॉरमॅट मारावा लागेल. डेटा लागतो का?’ असे विचारतो, तेव्हा.

‘फॉरमॅट मारणे’ म्हणजे डिस्कचा एक भाग संपूर्ण पुसून त्यावर विंडोज नव्याने बसवणे. या प्रश्नावर काका जे उत्तर देतात ते बहुधा ठरलेले असते : ‘सगळं डी ड्राइव्हला आहे.’ विंडोज सी ड्राइव्हवर असते, फॉरमॅटमध्ये सी जातो आणि डी वाचतो, हे निरीक्षण सर्वसाधारणपणे खरे असल्यामुळे डी ड्राइव्हला आपल्याकडे देवघरासारखे पावित्र्य प्राप्त झाले आहे. या श्रद्धेत दोन दोष आहेत. पहिला असा की, ईमेल हाताळणारे प्रोग्रॅम काकांना न विचारता आपला साठा सी ड्राइव्हवर, वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात ठेवतात. आणि दुसरा असा की, घरगुती संगणकातील सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असल्याने डिस्कच निकामी झाली तर दोघेही एकाच मुहूर्तावर जातात.

साठा नेमका कोठे असतो, हा या शास्त्रातील मूलभूत प्रश्न होय. आउटलुकमध्ये टपाल, पत्ते आणि भेटींच्या नोंदी हे सर्व ‘पीएसटी’ या प्रकारच्या एकाच फाइलीत साठवता येते. ही फाइल आवृत्तीनुसार कधी ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरात, तर कधी ‘ॲपडेटा’ या फोल्डरात सापडते, आणि हे दुसरे फोल्डर सामान्य माणसाच्या दृष्टीस पडू नये अशी व्यवस्था खुद्द विंडोजने करून ठेवलेली आहे. २००४ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आलेला थंडरबर्ड हा मोफत प्रोग्रॅम आपला साठा ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरसमूहात ठेवतो, ज्याचे नाव मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखे, आठ निरर्थक अक्षर-अंकांनी सुरू होते. मात्र ते शोधण्यासाठी ‘हेल्प’ मेनूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडून ‘ओपन फोल्डर’ दाबले म्हणजे पुरते.

हा शोध टाळू इच्छिणाऱ्या वर्गाने एक पर्यायी पद्धत विकसित केली आहे. तीत डेस्कटॉपवरील आउटलुकचे चित्र उचलून पेन ड्राइव्हवर टाकले जाते, ते क्षणार्धात जाते आणि तेथेही हुबेहूब तसेच दिसते. ते चित्र म्हणजे ‘शॉर्टकट’, म्हणजे प्रोग्रॅम कोठे आहे एवढे सांगणारी, काही केबी आकाराची चिठ्ठी असते. बारा वर्षांचा पत्रव्यवहार एवढ्याशा जागेत मावल्याबद्दल शंका येण्याऐवजी संगणकशास्त्राच्या प्रगतीबद्दल कौतुक वाटणे, हे या पद्धतीच्या अनुयायांचे प्रमुख लक्षण होय.

यावर पूर्वपक्ष असा मांडला जातो की, ‘मेल तर नेटवरच असते, मग बॅकअप कशाला?’ याचे उत्तर मेल कोणत्या पद्धतीने येते यावर अवलंबून आहे. ‘पॉप’ या पद्धतीची मूळ रीत अशी की, टपाल संगणकावर उतरवून घ्यायचे आणि सर्व्हरवरून काढून टाकायचे. सर्व्हरवर प्रत राहू द्यावी असा पर्याय कोणी निवडलेला नसेल तर जगातील एकमेव प्रत काकांच्या टेबलाखालच्या धुळीने माखलेल्या डब्यात असते. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड येथे रचलेल्या ‘आयमॅप’ पद्धतीत टपाल सर्व्हरवर राहते आणि प्रत्येक यंत्रावर त्याचे प्रतिबिंब दिसते. परंतु प्रतिबिंब म्हणजे प्रत नव्हे, कारण फोन हळू चालतो म्हणून नातवाने आजोबांच्या फोनवरील इनबॉक्स रिकामा केला की, आजोबांच्या संगणकावरील इनबॉक्सही तितक्याच आज्ञाधारकपणे रिकामा होतो. आउटलुकमधील ‘ओएसटी’ प्रकारची फाइल हे असेच त्या खात्याशी बांधलेले प्रतिबिंब असल्याने नुसती तीच उचलून नेण्यात अर्थ नसतो. तेथे प्रोग्रॅममधील ‘इम्पोर्ट/एक्स्पोर्ट’ची वाट धरून नवी पीएसटी काढावी लागते. आणि सर्व्हर मोठ्या कंपनीचा आहे एवढ्यावरही निश्चिंत होता येत नाही : फेब्रुवारी २०११ मध्ये एका बिघाडामुळे जीमेलच्या थोड्या वापरकर्त्यांचे टपाल नाहीसे झाले, तेव्हा गूगलने ते परत आणले ते चुंबकीय फितींवर वेगळ्या ठेवलेल्या प्रतींवरून.

प्रत्यक्ष विधी फारसा अवघड नाही. प्रथम ईमेलचा प्रोग्रॅम बंद करावा, कारण तो चालू असताना पीएसटी फाइल त्याच्या ताब्यात असते आणि ‘फाइल वापरात आहे’ असे सांगून विंडोज हात झटकते. नंतर फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावी. येथे एक गूढ प्रसंग उद्भवतो : ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह जवळपास रिकामा असतानाही ६ जीबीची फाइल त्यावर जात नाही, आणि दुकानदाराने फसवले असा निष्कर्ष घरात एकमताने काढला जातो. वस्तुतः अनेक पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ या जुन्या रचनेत येतात, आणि तीत एका फाइलीचा आकार ४ जीबीपर्यंत पोचू शकत नाही. पेन ड्राइव्ह रिकामा करून ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ या रचनेत फॉरमॅट केला की दुकानदार निर्दोष ठरतो. कॉपी केलेल्या फाइलीच्या नावात तारीख घालावी. ‘बॅकअप न्यू’, ‘बॅकअप न्यू फायनल’ आणि ‘बॅकअप फायनल जुना’ यांचा कालानुक्रम लावणे हे नंतर इतिहास-संशोधकांचे काम होऊन बसते.

किती प्रती असाव्यात, याविषयी अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम सर्वमान्य आहे : एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. या कर्तव्याची आठवण राहावी म्हणून २०११ पासून ३१ मार्च हा ‘जागतिक बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो; ही तारीख निवडणाऱ्यांना भारतातील ‘मार्च एंड’ नावाच्या संस्थेची कल्पना नसावी, कारण त्या दिवशी चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात ‘जरा दहा मिनिटे आउटलुक बंद करा’ असे म्हणणाऱ्याची नोकरी टिकेल याची शाश्वती देता येत नाही.

तेव्हा मुहूर्ताची चर्चा न करता वाचकांनी येता कोणताही रविवार धरावा, फाइल कॉपी करावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून तिच्यातील एखादी जुनी मेल जोडलेल्या फाइलीसह वाचून पाहावी. ती वाचता आली तरच त्या वस्तूला बॅकअप म्हणावे; तोवर ती केवळ जागा अडवणारी एक फाइल आहे.