दस्तक दाखवा, मगच पुढे चला

कोकणकिनाऱ्यावरून जहाज न्यायचं तर सरखेल कान्होजी आंग्र्यांचं दस्तक घ्यावं लागे. पैसे भरा, परवाना घ्या, सुखरूप जा. नाही घेतलं तर जहाज मालासकट जप्त. ईस्ट इंडिया कंपनीला हे मानवेना, म्हणून तिनं मराठ्यांच्या सरखेलाला आपल्या दप्तरात चाचा ठरवून टाकलं. आज मुंबईहून सहकुटुंब अलिबागला निघालं, की ही परंपरा किती जोमात आहे हे पाहून ऊर भरून येतो. फक्त आता तिला पर्यटनविकास म्हणतात आणि पावती मिळेलच असं नाही.

पहिलं दस्तक गेटवेच्या खिडकीवर, मांडव्यापर्यंतचं. दुसरं लाँचवर चढल्यावर, वरच्या मजल्याचं. खाली डिझेलचा वास फुकट, वाऱ्याचे वेगळे. आमच्या तीर्थरूपांनी इथे बाणा दाखवला : "एकदा भाडं भरलंय, आता छदाम देणार नाही." नेमकी हीच भूमिका कंपनीची. तिनं १७२१ साली पोर्तुगीजांना हाताशी धरून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर हल्ला केला आणि मार खाऊन परतली. तीर्थरूपांच्या बाजूला तर पोर्तुगीजही नव्हते. नातवंडं केव्हाच वर पोचून सीगलना वेफर्स चारत होती. पैसे अर्थातच तीर्थरूपांचे.

मुंबईला कंटाळून अलिबाग गाठणारे आपण काही पहिले नव्हे. विजेच्या ट्रामचा त्रास नको म्हणून मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेनं आपल्या चुंबकसुया १९०४ साली इथे हलवल्या. त्यांनी बंगला मात्र बांधला नाही, जमिनीचे भावही वाढवले नाहीत.

आमच्या मोबाइलमध्ये हवामान होतं, रस्त्यावरची कोंडी होती, हॉटेलांचे तारे होते. नव्हती फक्त तिथी. किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतं. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. आमची स्वारी साडेअकराच्या ठोक्याला किनाऱ्यावर हजर! ओहोटीला जिथून पायी किल्ल्यात जातात, तिथे समुद्र दुथडी भरलेला. आज पौर्णिमा आहे हे सकाळी आजींनी सांगितलं होतं. पण ते सत्यनारायणाच्या संदर्भात, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही.

"पायी जायचं तर पाचपर्यंत थांबा काका, फुकटात जाल," होडीवाला म्हणाला. पाचला आमची मांडव्याहून परतीची लाँच. म्हणजे तिसरं दस्तक.

किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. पण गर्दी चाकाच्या गाड्यावरच्या दोन तोफांपाशी. चिरंजीवांनी तोफेवर हात ठेवून, छाती फुगवून, पूर्वजांच्या पराक्रमाचं रील केलं. या तोफा इंग्लंडात ओतलेल्या आहेत, हे शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं तेव्हा रील बेचाळीस जणांना आवडून गेलं होतं.

परतताना रिक्षावाल्यानं विचारलं, "कान्होजींची समाधी बघायची का? गावातच आहे."

"तिकीट किती?" तीर्थरूप सावध.

"तिकीट नाही."

"मग काही विशेष नसेल," असं म्हणून त्यांनी रिक्षा पांढऱ्या कांद्याच्या माळांकडे घ्यायला लावली.