लेखी द्या की

कोल्हापुरात नकाशा बघून कुणी वाट शोधत नाही. पापाची तिकटी कुठं विचारा, सांगणारा निम्म्या वाटेपर्यंत सोडायला येतो. अशा गावात नकाशाचं वेड लागलेला गडी म्हणजे कौतुकाचाच विषय. त्याला आपण परवानगीवाला म्हणू. पेठेत याहून तिखट नावं आहेत.

हा सवडीनं ओपनस्ट्रीटमॅपवर गल्ल्या चढवतो. जगभरच्या हौशी लोकांनी २००४ पासून मिळून केलेला हा नकाशा. कुणीही वापरावा, विकावासुद्धा. श्रेय द्यावं आणि घातलेली भर तशीच मोकळी ठेवावी. म्हणून त्यात दुसऱ्याचं उचललेलं चालत नाही. "गूगलवर हाय की सगळं, बघून काढ," मित्र म्हणतात. हा कानाला हात लावतो. "ते बघायला हाय, उतरून घ्यायला न्हाई." मग मंगळवार पेठेतले बोळ हा मोबाइल छातीशी धरून स्वतः चालतो. खिडकीतनं आवाज येतो, "मीटर बघायला आलाय काय?"

खरी करमणूक सरकारी कार्यालयात. त्याला प्रभागांच्या हद्दी हव्यात. कारकून भला माणूस. "घ्या, झेरॉक्स मारा." दुसरा कुणी कागद घेऊन पळाला असता. हा खुर्ची ओढतो.

"लेखी द्या की."

"काय लेखी?"

"वापरायला, बदलायला, पुढं वाटायला हरकत नाही म्हणून."

कारकुनाचा चेहरा पडतो. नकाशा द्यायला त्याची ना नव्हती, पण 'हरकत नाही'खाली सही? "गप घेऊन जावा की. कोण इचारतंय?"

"उद्या इचारलं तर?"

"मग माहिती अधिकारात टाका अर्ज."

"टाकला. दहा रुपयांत कागद मिळाला, परवाना न्हाई."

आता पिशवीतनं केंद्र सरकारच्या २०१७ च्या मुक्त डेटा परवान्याची अधिसूचना निघते, लॅमिनेशन केलेली. श्रेय द्या नि वापरा, धंद्यालासुद्धा, असं तीत स्वच्छ लिहिलंय. कारकून उलटीसुलटी बघून परत करतो. "हे दिल्लीचं. ह्यावर आमच्या साहेबांची सही कुठाय?"

वेडा म्हणून त्याला सोडून देता आलं असतं, पण त्याचं म्हणणं खरं आहे. २०१२ मध्ये ओपनस्ट्रीटमॅपनं आपला परवाना बदलला, तेव्हा संमती न दिलेल्यांचं काम पुसलं गेलं होतं. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फूट गाठले. अशा वेळी बाहेरगावच्या बचाव पथकाला वाट सांगायला रस्त्यावर माणूस नसतो. तेव्हा नकाशाच लागतो, तोही बिनवादाचा.

तेव्हा साहेब, नकाशाच्या कोपऱ्यात एवढी एक ओळ छापून टाका: 'श्रेय देऊन कुणीही वापरावा.' कारकुनाची तरी सुटका होईल.