संपलेले सेल जपून ठेवणाऱ्यांस अनावृत पत्र

गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथील समस्त सेल-संग्राहकांस,
सा. न. वि. वि.

मनगटावरचं घड्याळ बंद पडलं, की आपण जिन्याखालच्या घड्याळवाल्याकडे जाता. तो डोळ्याला भिंग लावतो, मागचं झाकण उघडतो, चिमट्याने जुना सेल काढून नवा बसवतो. इथवर सगळं जगरहाटीप्रमाणे. मग आपण हात पुढे करून म्हणता, "तो जुना द्या इकडे." तो बिचारा देतो. आपण सेल खिशात घालून घरी आणता आणि टेबलाच्या खणात टाकता. कुलूप हरवलेल्या किल्ल्या, मखराच्या लायटिंगचे उरलेले बल्ब आणि बेस्टची जुनी तिकिटं यांच्या सोबतीला. घरात कुणी हटकलंच तर उत्तर तयार: "राहू दे. अजून जीव असेल त्यात."

आपल्या या दूरदृष्टीचा जाहीर सत्कार व्हावा, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच.

आपला संग्रह खरोखर बघण्यासारखा आहे. तापमापीतला एलआर ४१, कॅल्क्युलेटरमधला एलआर ४४, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यातला आणि साखर तपासायच्या यंत्रातला सीआर २०३२. त्यात सणासुदीची भर वेगळीच. दादरच्या बाजारातून आणलेल्या सेलवरच्या पणत्या, भाच्याच्या लुकलुकत्या राखीचा गाभा, गणपतीच्या गर्दीत घेतलेली लाल दिव्यांची शिंगं. या शेवटच्या मालाला झाकण असतं, पण झाकणाला स्क्रू असेलच असं नाही. नखाने उघडतं. आपल्याला ती सोयच वाटते.

सेलवरचे आकडे आपण कधी वाचत नाही, नजरेनेच माप घेता. खरं तर त्या आकड्यांत काही गूढ नाही. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. एलआर ४४ आणि एसआर ४४ एकाच मापाचे, एकाच खोबणीत बसणारे. पण पहिला अल्कलाइन, त्याचा दाब हळूहळू उतरत जातो. दुसरा सिल्व्हर ऑक्साइडचा. तो जवळजवळ शेवटपर्यंत दीड व्होल्टच्या किंचित वर ताठ उभा राहतो आणि मग एकदम बसतो. मोजमापाच्या उपकरणांना असलाच सेल मानवतो. त्यात चांदी असते, हे मात्र आपल्याला सांगावं की नाही, असा प्रश्न पडला होता. सांगितलं, कारण ते ऐकून आपण खणाला कुलूप लावाल आणि तेवढंच बरं होईल.

आपल्या परीक्षापद्धतींनाही तोड नाही. सेल पँटवर घासणे. तळहातात ऊब देणे. खिडकीत पापडासारखे उन्हात मांडणे. काही धाडसी मंडळी तर जिभेला लावून बघतात. आजोबांच्या कानयंत्राच्या सेलवरची पट्टी एकदा काढली, की बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि तो वापरा न वापरा, झिजू लागतो. पट्टी परत चिकटवून त्याला अमर करण्याची आपली धडपड थोरच म्हणायची. लॅमिंग्टन रोडवर मल्टिमीटर मिळतो. नवा सीआर २०३२ त्यावर तीन व्होल्टच्या जरा वर दाखवतो. पण त्यावर फार विसंबू नका. काम करताना गळाठणारा सेल नुसता मोजला तर बऱ्यापैकी आकडा दाखवू शकतो. म्हणजे मीटरसुद्धा आपल्याच बाजूने साक्ष देणार!

कारण आपला सिद्धांत खरा आहे. वजनकाटा चालवायला अपुऱ्या पडलेल्या सेलात जीव उरलेला असतो, आणि तो लहान मुलाचा घसा जाळायला पुरतो.

वीस मिलिमीटरची चकती पोराच्या अन्ननलिकेत अडकते. ओलसर ऊती दोन्ही ध्रुवांना जोडतात, मंडल पुरं होतं आणि ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होऊ लागते. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. मूल गिळताना कुणी पाहिलेलं नसतं. लाळ गळते, खोकला येतो, जेवण नको म्हणतं, आणि घरचे सर्दीचं औषध शोधत बसतात. क्ष-किरणात तो नाण्यासारखा दिसतो, पण कडेला दुहेरी वर्तुळ उमटतं. नाकात, कानात गेला तरी वेळ दवडून चालत नाही.

परळला आपलं नशीब बरं. १९२९ पासूनचं वाडिया बालरुग्णालय आणि १९२६ पासूनचं केईएम, दोन्ही शेजारी. शंका आली तरी थेट तिथे. उलटी काढायची नाही, खाऊपिऊ घालायचं नाही. अपवाद फक्त मधाचा: मूल वर्षावरचं असेल, नीट गिळू शकत असेल आणि सेल बारा तासांच्या आत पोटात गेला असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध द्यावा, अशी अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राची सूचना आहे. मध जखमेचा वेग कमी करतो, सेल काढत नाही. त्यासाठी निघायला उशीर करू नये. वर्षाआतल्या बाळाला मध मुळीच नाही.

तेव्हा संग्राहकहो, सेल काढल्या काढल्या त्याच्या दोन्ही बाजूंना सेलोटेप लावा. नाहीतर खणातल्या किल्ल्या आणि बाकीचे सेल त्याचे दोन्ही ध्रुव जोडून त्याला तापवतात. मग तो ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्यांनाही थोडं काम करू द्या. पणत्या-शिंगांच्या झाकणाला स्क्रू नसेल तर चिकटपट्टी फिरवा, किंवा ते घरात आणूच नका.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक शेजारी

ता. क. — २०३२ मिळाला नाही म्हणून दोन २०१६ एकावर एक ठेवून बसवू नका. जाडी बरोबर ३.२ मिलिमीटर भरते, खरं आहे. पण दाब तीनचा सहा व्होल्ट होतो.