कडीनाना

डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की नाशिकची शहाणी माणसं दुलईतून तोंड बाहेर काढत नाहीत. कडीनाना मात्र भल्या पहाटे माकडटोपी चढवून नांदूरमध्यमेश्वरला निघतात. असे नाना गावोगावी आहेत. बहुतेक बँकेतून निवृत्त. आकडा जुळल्याशिवाय झोप न येण्याची खोड तिथलीच.

चापडगावच्या मनोऱ्यावर बाकीचे लोक पक्षी बघतात, नाना तंगड्या बघतात. रोहित पक्ष्यांचा थवा उतरला, मंडळी ‘वा वा’ करू लागली, की नानांचा प्रश्न ठरलेला : “पायात काही आहे का?” नसलं तर तो थवा त्यांच्या लेखी फुकट. एखादा मालगुजा गुडघाभर पाण्यात उभा राहिला की दुर्बिणीला डोळा लावून त्याला विनवणी सुरू : “बाळा, एकदा पाय काढ रे!” अभ्यासकांनी ओळखीसाठी अडकवलेली कडी डाव्या पायात की उजव्या, गुडघ्याच्या वर की खाली, रंग कुठला, सगळ्याला अर्थ असतो. मंगोलियात गळपट्टा घातलेला पट्टकादंब हिमालय ओलांडून आला तरी नाना नाक मुरडतात. “गळ्यातलं कुणीही वाचेल!”

१८९९ साली डेन्मार्कच्या मॉर्टेनसेन मास्तरांनी पक्ष्यांच्या पायात क्रमांकाच्या ॲल्युमिनियमच्या कड्या घातल्या, ही कथा घरच्यांना पाठ आहे. लग्नकार्यात नानांची नजर सवयीने पाहुण्यांच्या पायांकडे जाते. नव्या सुनेची जोडवी निरखताना काकूंनी त्यांना कोपरखळी मारल्याचं सर्वांनी पाहिलंय.

उन्हाळ्यात पाहुणे पक्षी परतले की नाना वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांबद्दल बोलतात. तिथे सुरय अंडी घालतात. पिल्लू अलगद धरायचं, कडी अडकवायची, सोडायचं. वरून आईबाप टाळूवर चोची मारणार, शिटणार. नाना हे असं सांगतात की ऐकणारा डोकं चाचपतो. प्रत्यक्षात, परवानगीशिवाय पक्ष्याला हात लावता येत नाही आणि नानांना होडी लागते. मालवणला काय झालं ते काकूंना विचारा.

तुम्हाला कधी कडीवाला पक्षी दिसला तर क्रमांक, रंग, पाय, जागा आणि तारीख लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला (बीएनएचएस) जरूर कळवा. नानांनाही कळवा, पण जेवून घेऊन फोन करा.