हरकतकाका

पेठेत नवी इमारत येणार, हे बिल्डरच्या खालोखाल हरकतकाकांना कळतं. बोळाच्या तोंडाशी पत्रे लागायच्या आत, जुन्या वाड्यातला शेवटचा भाडेकरू टेम्पोत कपाट चढवत असतानाच काका तिथे हजर असतात. हातात छत्री, बगलेत फाइल. टेम्पोवाल्याला विचारतात, "किती मजले?" त्या बिचाऱ्याला वाटतं, हमालीचा हिशेब चाललाय. तो म्हणतो, "एकच. पण जिना लई अरुंद." काका तेही लिहून घेतात.

त्यांचं खरं नाव मतदारयादीत आहे, पण शनिवार आणि कसबा पेठेत ते कुणी वापरत नाही. 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' अशी जाहिरात पेपरात आली, की काकू न सांगता चहाचं आधण वाढवतात. सूचना मात्र काकांनी आजवर एकही केलेली नाही. "सूचना करायला त्यांना पगार मिळतो," ते म्हणतात, "आपण हरकत घ्यायची."

माहिती अधिकाराचा कायदा २००५ साली आला आणि काकांची निवृत्ती सार्थकी लागली. पण त्यांचं खरं प्रेम दुसऱ्याच कायद्यावर. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायचं नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय वीट हलवायची नाही, हा तो नियम. १९९२ साली तो अधिसूचनेतून आला, २०१० साली थेट कायद्यातच बसला. काका हे कलमांसकट सांगतात, आणि सांगताना आवाज असा लावतात की समोरच्याने नकळत चप्पल काढावी.

संरक्षित स्मारक म्हणजे अर्थातच शनिवारवाडा. आता एक बारीकशी अडचण अशी, की हा वाडा स्वतःच एके काळी सात मजली होता आणि सर्वांत वरच्या मजल्यावरून आळंदीच्या देवळाचा कळस दिसायचा, असं पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. मी एकदा हे काकांपुढे काढलं. म्हटलं, १७३० साली इथे हरकती मागवल्या असत्या, तर आजूबाजूच्या बैठ्या घरांनी काय लिहिलं असतं? काकांनी चष्मा पुसला. "त्यांनी आळंदीचा कळस बघायला बांधला. हे आमच्या न्हाणीघरात बघायला बांधतायत." यावर मला उत्तर सुचलं नाही. तसं त्या सात मजल्यांचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. १८२८ च्या आगीत लाकूडकाम गेलं, तट आणि जोती राहिली. काकांच्या मते आज वाड्याची उंची आहे ती योग्य आहे.

त्यांच्या हरकतींचं वाचन हा खरा सोहळा. पहिला मुद्दा सूर्यप्रकाशाचा, दुसरा वाऱ्याचा, तिसरा पार्किंगचा. चौथ्यापासून इतिहास सुरू होतो. तळघर खणलं तर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेला कात्रजचा नळ फुटेल, हा मुद्दा त्यांच्या प्रत्येक हरकतीत असतो. नळ त्या गल्लीखालून जात असो वा नसो. "जात नाही हे त्यांनी सिद्ध करावं." भुयारी मेट्रोच्या वेळीही नळ होताच. आता काका मंडईच्या स्थानकातून ऐटीत स्वारगेटला जातात आणि सरकत्या जिन्यावर उभ्या उभ्या सांगतात, "माझी हरकत उंचीला. ही खाली आहे."

हसावं तेवढं थोडं. ज्या वाड्याच्या लाकडी महिरपींसाठी ते आज डोळ्यांत पाणी आणतात, त्याच्याकडे तो उभा असताना त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. स्वतःच्या सज्जाचे कोरीव कठडे त्यांनीच उतरवून तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावल्यात. पण तरीही सांगतो, अग्निशमनचा मुद्दा त्यांनी काढला की मी गप्प बसतो. आमच्या बोळात सायकल आणि म्हैस समोरासमोर आली तर आजही सायकल मागे जाते. तिथे अकरा मजले उभे करून वरच्यांना वाचवायला बंब आणायचा कुठून? नकाशावर रस्ता रुंद दिसतो, कारण नकाशातला रस्ता पुढेमागे होणार असतो. बोळातल्या म्हशीला हे कुणी कळवलेलं नाही. हा एवढा एकच मुद्दा काकांनी एका कागदावर लिहिला असता, तर कदाचित कुणी वाचलाही असता. पण तो येतो सतराव्या क्रमांकावर, 'कबुतरांचा उपद्रव' आणि 'पेठेचे पावित्र्य' यांच्या मधोमध.

काकांना शिव्या घालणाराही एक वर्ग आहे. तो १०० मीटरच्या आत राहतो. तिथल्या वाड्यांच्या तुळयांना टेकू आहेत, भिंतींना पोट आलंय, पावसाळ्यात माजघरात पातेली मांडून ठेवावी लागतात. पाडून नवं बांधायचं नाही. डागडुजी करायची तर तीही परवानगीने, आणि तो कागद दिल्लीपर्यंत फिरून येतो. पेशव्यांनी वाड्याचा मुख्य दरवाजा दिल्लीकडे तोंड करून बांधला. आता आसपासच्या शे-सव्वाशे वर्षांच्या न्हाणीघरांचंही तोंड तिकडेच. या मंडळींपुढे काका 'वारसा' म्हणाले, की कुणीतरी हमखास म्हणतं, "वारसा तुम्ही घ्या, आम्हाला टू बीएचके द्या."

गेल्या पावसाळ्यात काकांचं स्वतःचं माजघर गळू लागलं. चिरंजीवांनी पुनर्विकासाचा विषय काढला. काकांनी आधी मोजणी होऊ दे म्हणून सांगितलं आणि कुणावर विश्वास नको म्हणून घरचीच तीस मीटरची फीत काढली. शनिवारवाड्याच्या हद्दीशी काका, दुसऱ्या टोकाला चिरंजीव, मध्ये पी.एम.पी.एम.एल.च्या बसगाड्या. तीन फिती पुऱ्या आणि वर दहा मीटर. रेघ आली ती बरोब्बर काकांच्या चौकात, तुळशीवृंदावनाला घासून. म्हणजे ओसरी प्रतिबंधित, स्वयंपाकघर नियंत्रित. काकू म्हणाल्या, "स्वयंपाकघराचं मला तीस वर्षांपासून माहितीये."

मग ठरलं, की मागच्या अर्ध्या भागात बांधायचं. जागा निम्मी, म्हणून मजले चढले. भाऊबंदांच्या सह्या झाल्या, पुतणे पुण्याबाहेरून येऊन सही करून गेले, शेवटी काकांनीही नाक मुरडत सही ठोकली. अर्ज द्यायला स्वतःच जाणार म्हणाले. आवक खिडकीवरची मुलगी त्यांना ओळखते. तिने अर्जावर शिक्का मारला, तोच काकांनी बगलेतून दुसरा कागद पुढे सरकवला.

तिने वाचला. तीच मिळकत, तोच मालक, तीच सही. विषय : नियोजित इमारतीच्या उंचीस तीव्र हरकत.

"काका, हे दोन्ही तुमचंच आहे."

"अर्ज मालक म्हणून आहे. हरकत नागरिक म्हणून," काका म्हणाले. "पोच दोन्हींची वेगवेगळी द्या. आणि मुद्दा क्रमांक चार नीट वाचा, खालून कात्रजचा नळ जातो."