बेटावर जाऊ इच्छिणाऱ्या तंजावरकरांसाठी प्रवेशिका

बेटावरची सुटी ही चैन नव्हे, शास्त्र आहे. आणि ते शिकवणारे दोन गुरू तंजावरात फुकट मिळतात. पहिला मोठ्या देवळाची भिंत, दुसरा शेजारी राहणारा भातवाला मिरासदार. ट्रॅव्हल एजंट हा तिसरा. त्याच्याकडे सर्वांत शेवटी, भरल्या पोटी आणि रिकाम्या खिशाने जावं.

लागणारं साहित्य: एक कुटुंब (शक्यतो एकमताचं, न मिळाल्यास घरात असेल ते), जगाचा नकाशा, पंचांग, बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, आणि पुण्याहून फोन करून "आम्ही ठरवून टाकलंय, तुम्ही फक्त हो म्हणा" असं सांगणारा एक आतेभाऊ. आतेभाऊ नसेल तर ही प्रवेशिका तुम्हाला निम्मीच लागेल.

पहिली पायरी: भिंत वाचणे. बृहदीश्वराच्या देवळात आलेला मराठी माणूस भोसल्यांच्या वंशाचा 1803 चा मराठी लेख शोधतो, त्यातली दोन-चार नावं मोठ्याने वाचतो, फोटो काढतो आणि नंदीकडे वळतो. अभिमान रास्त आहे, पण सुटीच्या दृष्टीने तो लेख निरुपयोगी. आपल्या कामाचा मजकूर तमिळमध्ये आहे आणि त्याहून जवळपास आठशे वर्षं जुना आहे. राजेंद्र चोळाच्या आरमाराने 1025 च्या सुमारास समुद्रापार जी ठिकाणं घेतली त्यांची यादीच याच देवळात कोरलेली आहे: श्रीविजय, कडारम्, माणक्कवारम् आणि आणखी बरीच. कडारम् म्हणजे आजच्या मलेशियातलं केडाह, आणि लंगकावी हे बेट त्याच केडाह राज्यात मोडतं. माणक्कवारम् म्हणजे निकोबार. राजेंद्राचे वडील राजराजा यांच्या प्रशस्तीत तर समुद्रातली बारा हजार जुनी बेटं जिंकल्याचा दावा आहे. अभ्यासक ती मालदीव समजतात. मालदीव आज आपली बेटं बाराशेच्या आसपास मोजतं. उरलेल्यांचं काय झालं ते विचारू नये. पर्यटनाच्या जाहिरातीत एखादं शून्य इकडचं तिकडे होतंच.

थोडक्यात, आतेभाऊ ज्या बेटांची नावं नवीन म्हणून सांगतो त्यातली निम्मी या गावाने हजार वर्षांपूर्वी पाहून ठेवलेली आहेत. सरकारनेही 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम केलं, तेव्हा चोळांच्या आरमाराची आठवण काढली. एक फरक मात्र लक्षात घ्यावा. निकोबारच्या बहुतेक बेटांवर पर्यटकाला आज जाऊ देत नाहीत. तिथले आदिवासी आणि त्यांची जमीन यांच्या रक्षणासाठी पास लागतो आणि तो हौशी माणसाला मिळत नाही. राजेंद्राला पासाबद्दल कोणी विचारलं नव्हतं, हे तिथल्या लोकांचं दुर्दैव.

दुसरी पायरी: वारा ओळखणे. ही पायरी ज्याला आली त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आपल्या समुद्रावर दोन वारे आहेत. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा, ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा. शिडाची जहाजं वारा पाहूनच निघत. विमान वारा न पाहता निघतं आणि तुम्हाला बरोब्बर पावसात नेऊन सोडतं, एवढीच काय ती प्रगती. महाराष्ट्रातल्या नातेवाइकाला दुसरा वारा पटवणं फार अवघड जातं. त्याचा पाऊस आषाढात येतो, गणपतीत भिजवतो आणि दसऱ्याला निरोप घेतो. मग दिवाळीला सारं जग स्वच्छ, निळं आणि सवलतीत असणार अशी त्याची श्रद्धा. इकडे आपल्याकडे ऐप्पसी लागली की फटाके घरात वाळवावे लागतात, आणि कोणतंही घर चारी बाजूंनी पाण्याने वेढलेलं म्हणजे व्याख्येनुसार बेटच असतं. त्यासाठी व्हिसा लागत नाही.

इथे दुसऱ्या गुरूला विचारावं. मिरासदार मामांना मालदीव कुठे आहे ते ठाऊक नसेल, पण 12 जूनला मेट्टूरचं धरण उघडणार की नाही, कुरुवै किती पेरायची आणि सांब्याच्या रोपांवर ईशान्येचा पाऊस केव्हा पडणार, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात वर्षभर चालू असतो. त्यांना नुसतं विचारावं, "मामा, कार्तिकात समुद्रावर जाऊ का?" ते हसतील. त्या हसण्याला हवामानखात्याच्या पत्रकाइतकं वजन द्यावं.

हसण्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होतं त्याचा नमुना जवळच, नागपट्टिनमला आहे. तिथून जाफन्याजवळच्या कांकेसन्तुरैला जाणारी प्रवासी बोट 14 ऑक्टोबर 2023 रोजी मोठ्या थाटात सुरू झाली. अंतर साधारण 110 किलोमीटर, चार तासांच्या आसपासचा प्रवास. इतका सोपा परदेश दुसरा नाही. पण मुहूर्त ऑक्टोबरचा. आठवडा उलटतो न उलटतो तोच पावसाळी समुद्राचं कारण देऊन बोट थांबली, ती पुन्हा सुरू झाली ऑगस्ट 2024 मध्ये. नारळ फोडण्याआधी कुणीतरी एखाद्या मिरासदाराला विचारायला हवं होतं.

महाराष्ट्रीय शाखेची चूक याच्या उलट दिशेने होते आणि ती दर वर्षी होते. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रत्येक मराठी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एक मथळा येतो: मान्सून अंदमानात दाखल. तो वाचून नाशिकपासून सोलापूरपर्यंत लोक सुखावतात, भजी तळतात, आता पंधरा दिवसांत आपल्याकडे येईल असा हिशेब मांडतात. त्याच लोकांतला एक मोठा गट त्याच आठवड्यात अंदमानचं बुकिंग करून बसलेला असतो, कारण मुलांना मेमध्येच सुटी. मथळा आणि तिकीट एकाच टेबलावर पडलेली असतात, पण त्यांची ओळख करून द्यायला कोणी नसतं. मग श्री विजयपुरमला उतरायचं, सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडायचे, आणि पुढचे दिवस स्वराज द्वीपची बोट आज सुटणार की खवळलेल्या समुद्रामुळे रद्द होणार हे विचारत जेट्टीवर काढायचे. अंदमानला दोन्ही वाऱ्यांचा पाऊस मिळतो. तिथला कोरडा काळ जानेवारी ते एप्रिल. मेचा पहिला आठवडा हा जुगार, शेवटचा आठवडा ही खात्री.

बाकीच्या बेटांचं झटपट सांगतो. मालदीव आणि लक्षद्वीप डिसेंबर ते एप्रिल; जूनमध्ये नैऋत्येचा वारा तिथेही लाटा घेऊन येतो, आणि लक्षद्वीपची कोचीहून सुटणारी जहाजंही त्या दिवसांत कमी होतात. लक्षद्वीपला भारतीयालाही परवाना लागतो, तो आधी काढावा. श्रीलंका हे एक बेट नसून दोन आहेत असं मानून चालावं: गाल, बेन्टोटा, मिरिसा हा नैऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च, आणि त्रिंकोमाली, अरुगम बे हा पूर्व किनारा मे ते सप्टेंबर. मेची सुटी असेल तर त्रिंकोमाली. तिथे कोणेश्वराचं देऊळही आहे, म्हणजे आजीचा प्रश्न परस्पर सुटला. थायलंडचंही तसंच. फुकेत कोरडं होत असतं तेव्हा पलीकडच्या आखातातलं को सामुई नोव्हेंबरात आपल्यासारखंच भिजत असतं. त्या दिवसांत कोणी सामुईचं पॅकेज निम्म्या किमतीत देऊ लागला तर त्याला घरी बोलवावं आणि आपलं अंगण दाखवावं.

मॉरिशस दक्षिण गोलार्धात. तिथे जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ आणि आपला श्रावण-भाद्रपद हा थंड, कोरडा. मराठी माणसाने तिथे गणपतीतच जावं. एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांनी हा सण असा टिकवला की गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. बालीचा कोरडा हंगामही साधारण मे ते सप्टेंबर. पण पाडव्याला बाली नको. त्यांचंही वर्ष शकाचंच, आणि त्यांचा नववर्षदिन न्येपी काही वर्षी आपल्या पाडव्याच्या आगेमागे किंवा थेट त्याच दिवशी येतो. 2023 मध्ये दोन्ही 22 मार्चलाच होते. त्या दिवशी विमानतळ चोवीस तास बंद, रस्ते ओस, दिवे मंद, आणि पर्यटकाने हॉटेलच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. नवं वर्ष मौनात सुरू करायची ही रीत फार सुंदर आहे. आतेभावाला घेऊन मात्र ती पाळता येणार नाही.

राहिला जानेवारी. पोंगलच्या सुमारास अंदमान, मालदीव, लंगकावी, श्रीलंकेचा नैऋत्य किनारा, सगळेच खुलतात. भिंत, मिरासदार आणि एजंट यांचं एकमत वर्षात तेवढ्याच वेळी होतं, आणि त्या एकमताचे पैसे एजंट लावतो.

तिसरी पायरी: माणूस पाहणे. पुस्तकं सांगतात की प्रवाशाच्या आवडीप्रमाणे बेट निवडावं. हे चूक. बेट निवडावं ते घरातल्या सर्वांत लवकर कंटाळणाऱ्या माणसाप्रमाणे, कारण बेटावरून उठून निघून जाता येत नाही. चाचणी सोपी आहे. सगळ्यांना संध्याकाळी ओट्यावर बसवून समुद्राचा फोटो दाखवावा. जो "वा!" म्हणेल त्याला कुठेही न्यावं. जो म्हणेल, "बरं, समुद्र पाहिला. मग काय करायचं?" त्याला मालदीवला चुकूनही नेऊ नये. तिथे बेटं वाळूची, समुद्रापेक्षा जेमतेम मीटर-दीड मीटर उंच. टेकडी नाही, किल्ला नाही, गुहा नाही, आणि पुष्कळशा रिसॉर्टांची बेटं चहा गार होण्याआधी चालून संपतात. नवपरिणीत जोडप्याला हे स्वर्गीय वाटतं. लग्नाला तीस वर्षं झालेल्या काकांना तिसऱ्या फेरीत आपलेच पायाचे ठसे भेटतात. काकांसाठी श्रीलंका. तिथे रेल्वे आहे, डोंगर आहेत, चहाचे मळे आहेत आणि भाव करायला भरपूर दुकानदार आहेत.

देवमासा बघायचाय म्हणणाऱ्या मुलांना मिरिसाला न्यायच्या आधी राजवाड्यात न्यावं. तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागलेल्या एका देवमाशाचा सांगाडा तिथे मांडलेला आहे. तो बघून समाधान झालं तर घराचे बरेच पैसे वाचले.

आणि आजीसाठी? तिला बोट लागते, विमानात कान दुखतात आणि परक्या हातचं पाणी चालत नाही. तिला श्रीरंगमला न्यावं. कावेरी आणि कोळ्ळिडम यांच्या मधलं ते अस्सल बेट आहे, उष्ण कटिबंधातलं आहे, तंजावरहून दीड-दोन तासांत बस पोचवते, आणि आजीने डबा आणला तरी कुणाची तक्रार नाही. थोडं लांब चालत असेल तर रामेश्वर, तेही बेट. 1914 चा पांबनचा पूल निवृत्त झाला असून एप्रिल 2025 पासून उभा उचलला जाणारा नवा पूल आहे. फक्त डिसेंबर टाळावा. 1964 च्या डिसेंबरात चक्रीवादळाने धनुष्कोडी एका रात्रीत पुसून टाकलं, उतारूंनी भरलेल्या गाडीसकट. तिथे उभं राहिल्यावर ही प्रवेशिका मिटून ठेवावी.

चौथी पायरी: सामान. मालदीवला जाताना देव्हाऱ्यातला बाळकृष्ण सोबत घेऊ नये. पूजेच्या मूर्ती त्यांच्या कस्टम्सला चालत नाहीत. अंदमानहून शंख-पोवळी उचलून आणू नयेत; येताना विमानतळावर काढून घेतात. लोणच्याबद्दल काही सांगण्यात अर्थ नाही, ते तुम्ही नेणारच.

पाचवी पायरी: परतीचं तिकीट. या विषयावर पट्टुकोट्टैच्या पलीकडे, समुद्राकाठी सरफोजी राजांनी बांधलेला मनोरा हा आपल्या जिल्ह्याचा पाठ्यग्रंथ. नेपोलियनचा पाडाव झाला म्हणून इंग्रजांच्या या दोस्ताने 1814 च्या त्या विजयाची स्मृती आठ मजल्यांत उभी केली आणि मराठीतही कोरून ठेवली. पण 1814 मध्ये नेपोलियनला पाठवलं होतं एल्बाला. बेट जवळचं, हवा चांगली, शिवाय स्वतःचं छोटंसं राज्य. असं सगळं असूनही गृहस्थ दहा महिन्यांत कंटाळले आणि न सांगता घरी परतले. ते "मग काय करायचं?" गटातले, हे कोणी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला इंग्रजांनी बेट नीट पारखून निवडलं: सेंट हेलेना, उष्ण कटिबंधातलं, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जवळपास दोन हजार किलोमीटरवर. घर दमट, उंदीर भरपूर, परतीची सोय शून्य. 1821 मध्ये तिथेच संपले.

तुमच्या आतेभावाला एवढ्या लांबच जायचं असेल तर आता तिथेही विमान जातं. विमानतळ 2016 मध्येच तयार होता. पण धावपट्टीवर उतरताना वारा असा काही उलटापालटा होतो की मोठी विमानं उतरवणं धोक्याचं, हे तो बांधून झाल्यावर ध्यानात आलं. ठरलेल्या वेळापत्रकाची विमानं सुरू व्हायला ऑक्टोबर 2017 उजाडला. ती लहान आहेत, जोहान्सबर्गहून निघतात, आणि वारा बरा नसेल तर आजही तिष्ठत बसावं लागतं.