शेड्यूलकाका

पुण्यात पहाटे साडेपाचला टेकडीच्या पायथ्याशी माणसं पळायला जमतात. शेड्यूलकाका पळवायला येतात. बँकेतून निवृत्त, अंगात सातारा हिल मॅरेथॉनचा टी-शर्ट, डोळा जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण ४२.१९५ किलोमीटरवर. नुसती पुरी करायची नाही, आपल्या वयोगटात पहिल्या तिघांत यायचंय. आणि फोनमध्ये सोळा आठवड्यांचं एक्सेल शीट.

शीट देखणं आहे, यात वाद नाही. सोमवार करडा, म्हणजे विश्रांती. मंगळवार लाल : ट्रॅकवर इंटरव्हल, एक-एक किलोमीटर सहा वेळा, मधे दोन-अडीच मिनिटं नुसतं जॉगिंग. बुधवार हिरवा, इझी. गुरुवार नारिंगी, टेम्पो : तासाभराच्या शर्यतीत जेमतेम टिकेल त्या वेगाने वीस मिनिटं. शुक्रवार पुन्हा हिरवा, शनिवारी पाय मोकळे करायचे, रविवार जांभळा म्हणजे लाँग रन. दर चौथा आठवडा फिकट, कारण त्यात किलोमीटर कमी. (त्यातला एक नेमका दिवाळीत येतो. काका याला योगायोग म्हणतात.)

अभ्यासही दांडगा. न्यूझीलंडचा कोच आर्थर लिडियर्ड आपल्या पोरांना आठवड्याला शंभर मैल पळवायचा, ८०० मीटरवाल्या पीटर स्नेललाही त्यातून सूट नव्हती, आणि त्या स्नेलने १९६० साली रोमला सुवर्ण घेतलं, हे ग्रुपात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकावंच लागतं. जॅक डॅनियल्सचं नाव निघालं तेव्हा मागून कोणी तरी हसलं. काकांनी सगळ्यांना थांबवून, हा अमेरिकेतला नावाजलेला कोच आहे, बाटली नव्हे, असा खुलासा केला.

घोडं पेंड खातं ते बुधवारी.

“इझी म्हणजे लाज वाटेल इतकं हळू,” काका पळता पळता सांगत असतात. “पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. अवघड दिवशी शरीर मोडायचं, सोप्या दिवशी ते दुरुस्त होऊ द्यायचं. केनियातले जगज्जेतेसुद्धा इझीला रमतगमत—”

इथे कानात हेडफोन घातलेली एक कॉलेजची मुलगी शेजारून पुढे जाते. काकांच्या वाक्यातलं क्रियापद राहतं ते राहतंच. पुढचे दोन किलोमीटर कोणी बोलत नाही, कारण बोलायला श्वास कोणाकडेच नसतो. संध्याकाळी स्ट्राव्हा या पळणाऱ्यांच्या ॲपवर नोंद : ‘इझी रन, शेवट किंचित प्रोग्रेसिव्ह.’

गुरुवारी मग पाय उचलत नाहीत आणि टेम्पोची रया जाते. म्हणजे सोपा दिवस विश्रांती मिळण्याइतका सोपा नाही, अवघड दिवस काही कमावण्याइतका अवघड नाही. इतक्या रंगांच्या आठवड्यात काका पळायचे सगळे दिवस साधारण एकाच वेगाने पळतात. हे त्यांना माहीत आहे. ग्रुपातल्या प्रत्येकाची ही चूक त्यांनी पकडलेली आहे.

दुसरी अडचण बँकेची. “चुकलेला रन सोडून द्यायचा, पुढच्या दिवसावर ओढायचा नाही,” हा त्यांचाच नियम. पण ताळेबंद न जुळवता झोपायची सवय नाही. एका शनिवारी काकूंच्या भाचीचं लग्न आलं. उद्या लाँग रन आहे, रात्री लवकर निघू, असं काका म्हणाले. “लग्न माझ्या भाचीचं आहे,” काकू म्हणाल्या, “लाँग रन कोणाचा आहे?” पंगत उठेपर्यंत थांबावं लागलं, रविवार बुडाला. मग राहिलेले अठ्ठावीस किलोमीटर काकांनी सोमवारी भरले आणि मंगळवारी इंटरव्हलही सोडले नाहीत. पाचव्या किलोमीटरला पोटरी धरली.

फिजिओने पाय दाबून बघितला आणि हे झालं कसं, असं विचारलं. काकांनी उत्तरादाखल फोन पुढे केला. त्याने शीट वरपासून खालपर्यंत पाहिलं, रंग पाहिले, फिकट आठवडे पाहिले, शर्यतीआधी किलोमीटर उतरवत नेणारा शेवटचा तीन आठवड्यांचा टेपर पाहिला.

“काका, हे फार छान आहे,” तो म्हणाला. “मीही मुंबईला पळतोय. मला पाठवाल?”

काकांनी टेबलावर पडल्या पडल्या पाठवलं. पोटरीवर बर्फाची पिशवी होती, तरी मान वर करून बजावलं, “बुधवार मात्र खरंच हळू हं. लोक तिथेच चुकतात.”